धपक्याच्या पोटातला आवाज

यांच्या टेबलावर पोलादाची एक चकती आहे. जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, करंगळीएवढी जाड. कड अजून चकचकीत आहे, मधोमध मात्र एक फिकट, खरबरीत वर्तुळ पडलं आहे. आमच्या घरी ती कागद दाबून ठेवायला वापरत. आमच्या प्रयोगशाळेत निकामी झालेल्या चकत्या भंगारात जायच्या, त्यातली ही एक यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतली होती. खिशात घालून आणली असती तरी कुणाला कळलं नसतं. पण हे गेटपास घेऊन गेले. पहारेकऱ्याने पास उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहब, इतने से टुकड़े का पास?"

"टुकड़ा छोटा है भाई, नियम तो पूरा है," हे म्हणाले.

तो पास अजून खणात आहे. शाई उडाली आहे, शिक्का तेवढा दिसतो.

जानेवारीत हे गेले. तेव्हापासून सकाळी मी याच टेबलापाशी बसते. मुलीच्या आग्रहावरून आम्ही गुरुग्रामला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. धुकं असलं की खिडकीबाहेर समोरचे मनोरे नसतात, खालचा रस्ता नसतो, फक्त पांढरं असतं. त्या पांढऱ्याकडे पाहत बसलं की मला आमची जुनी खोली दिसू लागते.

दिल्लीच्या उत्तर टोकाला एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला होतो. आर. के. पुरमहून चार्टर्ड बस निघायची आणि तासाहून अधिक वेळ शहराच्या कडेकडेने जात राहायची. आवारात मोर होते, कधीकधी नीलगाई येत. इमारती एकमेकींपासून लांबलांब बांधलेल्या, मधे मातीचे उंच बांध. असं का, ते नव्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळे आणि तिसऱ्या दिवशी तो ते विसरे.

आमच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत दोन उभे रूळ होते आणि त्यांच्यामधे एक वजन. विद्युतचुंबकाने धरलेलं. खाली जाड ऐरण, ऐरणीवर अशा दोन चकत्या आणि चकत्यांच्या मधे स्फोटक पुडीचे दोन कण. तांदळाच्या कणीएवढे, त्याहून जास्त नाही. भोवती काचेची खिडकी असलेली पोलादी पेटी. बटण दाबलं की चुंबक सोडे, वजन पडे आणि आम्ही ऐकायचो.

काम एवढंच होतं. कोणती पूड किती उंचीवरच्या घावाला पेट घेते, ते शोधायचं. पूड पेटली तर पुढच्या वेळी वजन एक खाच खाली. नाही पेटली तर एक खाच वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. दिवसभर ते वजन एका ठरावीक उंचीच्या आसपास घिरट्या घालत राहायचं. आलेखाच्या कागदावर त्याचा एक वेडावाकडा जिना तयार व्हायचा, कुठेच न पोचणारा. जिथे ती पूड निम्म्या वेळा पेटते आणि निम्म्या वेळा नाही, ती उंची आम्ही अहवालात लिहायचो.

मी नवी होते तेव्हा यांना विचारलं होतं, "पण तीच पूड, तेवढीच उंची, मग एकदा होतं आणि एकदा होत नाही, असं का?"

"दोन कणांच्या मधे हवेचा बुडबुडा सापडतो, एखादा कण दुसऱ्यावर घासतो. कधी धुळीचा खडा असतो." मग म्हणाले, "ही पूड सुरक्षित आहे का, असं लोक विचारतात. त्याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. किती उंचीवरून, एवढंच सांगता येतं. आपण ते लिहितो आणि त्या भरवशावर कुणीतरी कुठेतरी तिला हात लावतं."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

पूड जोरात पेटली तर प्रश्नच नसे. अडचण मधल्या वेळची. वजन पडल्याचा स्वतःचाच मोठा धपका होई आणि पूड अर्धवट पेटली असेल तर त्या धपक्याच्या पोटात एक बारीक 'चट' असे. तो ऐकायला कान लागे. चकत्या उघडून डाग पाहायचा, वास घ्यायचा, हेही होतंच. पण काही नमुने इतके हलके पेटत की डाग पडला न पडल्यासारखाच. तेव्हा कानावर भिस्त. आणि यांच्या कानाची ख्याती होती. बढतीच्या यादीत यांचं नाव वर्षानुवर्षं खालीच राहिलं, पण दुसऱ्या विभागांतले लोक अडले की म्हणत, "उनको बुलाओ, वो सुन लेंगे."

म्हणून खोलीत नेहमी दोघं ऐकणारे असत आणि दोघांच्या हातात पर्च्या, म्हणजे कागदाचे कपटे. वजन पडलं की कुणी बोलायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही. पेटलं असेल तर पर्चीवर फुली, नसेल तर गोल. मग दोन्ही पर्च्या एकदम उलटायच्या. जुळल्या तर ठीक. नाही जुळल्या तर ती फुलीच धरायची आणि न जुळलेल्यांच्या रकान्यात नोंद करायची. शंका आली तर फुली, हा आमच्या खोलीचा पहिला नियम होता.

वजन वर चढवायला एक हरियाणवी गृहस्थ होते. वयाने मोठे, हुक्का ओढून पिवळ्या झालेल्या मिशा. सगळे त्यांना ताऊ म्हणत. ताऊंना दोरी आणि कप्पी सोडून बाकी सगळ्याची गंमत वाटे.

एकदा वजन पडलेलं नसताना हे म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं आहे. तुमचं उत्तर हो असेल तर फुली काढा." मी विचारलंच नाही काय विचारायचं ते. महिनाभर बसमध्ये शेजारच्या जागेवर यांचा डबा माझ्यासाठी जागा धरून आधीच येऊन बसलेला असे, त्यावरून माहीत होतं. मी लिहिलं, यांनीही लिहिलं. पर्च्या उलटल्या. दोन फुल्या.

ताऊ दोरी धरूनच म्हणाले, "ले भाई, बिना चोट के ई धमाका हो गया!"

त्या खोलीत लोकर आणि नायलॉन चालत नसे, अंगावर घासून ठिणगी धरतात म्हणून. धातूही नाही. दाराशी तांब्याची पट्टी होती, तिच्यावर तळहात टेकून आत जायचं. दिल्लीची थंडी आणि अंगात नुसतं सुती. बाहेरच्या खुंट्यांवर आमचे स्वेटर दिवसभर लटकत असायचे. यांच्या मरून स्वेटरच्या खिशाला बटण होतं, म्हणून लग्नानंतर माझं मंगळसूत्र त्या खिशात राही. संध्याकाळी हे ते काढून माझ्या हातावर ठेवत, तेव्हा ते बर्फासारखं गार असे.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. कुठलं वर्ष कुठे संपलं ते मला आठवत नाही. वजन वर जातं, खाली येतं, मोर ओरडतो, बस येते. आठवतो तो एक रविवार.

रविवारी पोहे हे करत. फोडणी ही त्यांची. तेलात मोहरी टाकली की हे कढईकडे पाहत नसत, वर्तमानपत्र वाचत आणि कानाने मोहरीची तडतड मोजत, अगदी वेळेवर कांदा टाकत. त्या दिवशी मोहरी तडतडली, शांत झाली, मग करपायला लागली. हे वाचतच होते. धूर झाला तेव्हा मी धावले.

"अहो, लक्ष कुठे आहे?"

"अजून तडतडली नाही ना," हे म्हणाले. मग कढईत पाहिलं. मग माझ्याकडे.

"बातमीच तशी होती," असं म्हणून यांनी कढई नळाखाली धरली. त्या दिवशी आम्ही पाव खाल्ला.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सोमवारपासून एक नवा नमुना आला. पिठीसाखरेसारखा पांढरा, मऊ. त्याचा आवाज फार बारीक होता. पहिल्याच सकाळी धपक्यात मला 'चट' ऐकू आला. यांच्याकडे पाहायचं नाही हा नियम, पण इतक्या वर्षांत मला पाहावं लागत नसे. यांना ऐकू आलं की यांचा डावा खांदा किंचित वर होई. तो मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे. आज खांदा हलला नाही.

माझी पेन्सिल फुलीच्या पहिल्या रेघेवर होती. मला एकदम ती करपलेली मोहरी आठवली. न जुळलेल्यांचा रकाना महिनाअखेरी बड्या साहेबांकडे जातो, ते आठवलं. मग कानांची तपासणी, मग बदली. बढती नाही, मानपत्र नाही, या माणसाकडे स्वतःचं असं होतं काय, तर तो कान. मी त्या रेघेभोवती गोल काढला.

पर्च्या उलटल्या. दोन गोल. वजन एक खाच वर गेलं.

असं मी होळीपर्यंत केलं. प्रत्येक वेळी नाही. मोठा आवाज झाला की फुली काढायचे. पण मधल्या, बारीक आवाजांना मी यांच्या खांद्याकडे पाहून लिहिलं. आलेखावरचा जिना हळूहळू वर सरकत गेला. ती मऊ पांढरी पूड आमच्या कागदावर गरीब गाय होऊन बसली. मी स्वतःला सांगत राहिले, कदाचित माझ्याच कानात भास होत असेल. मी माझ्या खऱ्या कानांना खोटं ठरवत होते आणि त्याला प्रेम म्हणत होते.

ताऊंच्या मात्र लक्षात आलं, की आमच्या पर्च्या आता कधी भांडत नाहीत. एका दुपारी पर्च्या गोळा करताना ते म्हणाले, "मैडम जी, थारी अर साहब की पर्ची तो जुड़वां होण लाग री सैं. पहल्यां तो दिन मैं दो-चार बार लड़ती थीं."

हे हसले. "ताऊ, शादी को कितने साल हो गए, अब क्या लड़ेंगे!"

मीही हसले.

अहवाल शुक्रवारी सही होऊन जायचा होता. बुधवारी संध्याकाळी मी पोळ्यांसाठी कणीक चाळत होते. चाळणीच्या कडेवर तळहाताने थाप मारत होते, जशी रोज मारते. थाप, थाप, थाप. आणि हात थांबला. आमचे अहवाल जिथे जात तिथे ही पूड हाताने चाळतात, हे मला माहीत होतं. ज्या पुडीची उंची आम्ही जास्त लिहू ती हाताने, ज्या पुडीची कमी लिहू ती भिंतीआडून, यंत्राने. तिथे कुणीतरी असंच चाळणीच्या कडेवर थाप मारेल. आम्ही लिहितो त्या भरवशावर.

हे बाहेर बाल्कनीत वाचत बसले होते. खाली क्वार्टर्समधली मुलं रंगाच्या जुन्या पिचकाऱ्यांत पाणी भरून खेळत होती. मी दोनदा दारापर्यंत गेले. काय सांगायचं? तुम्हाला ऐकू येत नाही? तोंडाने मला ते सांगता आलं नाही.

गुरुवारी शेवटची तपासणी होती. पहिल्या धपक्यात 'चट' होता. खांदा हलला नाही. मी फुली काढली, दोन्ही रेघा दाबून.

पर्च्या उलटल्या. फुली आणि गोल.

ताऊंनी वजन एक खाच खाली घेतलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी जुळलं. मग पुन्हा तेच. सहाव्यांदा पर्च्या वेगळ्या आल्या तेव्हा यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"ताऊ, चाय पी आओ."

ताऊ गेल्यावर हे काचेतून ऐरणीकडे पाहत राहिले. "कधीपासून?"

"संक्रांतीनंतर. हा नमुना आला तेव्हापासून."

"माझं नाही विचारत. माझा मला संशय होता, मोहरीच्या आधीपासून. तुझं कधीपासून?"

माझी नजर गठ्ठ्याकडे गेली. यांनी गठ्ठ्यातल्या जुन्या पर्च्या काढल्या आणि एकेक पाहू लागले. माझे कित्येक गोल जवळून पाहिले तर आत एक तिरकी रेघ होती. सुरू करून सोडलेली फुली. यांनी त्या सगळ्या वेगळ्या काढल्या. फार वेळ लागला. मग म्हणाले, "मला वाटत होतं, तुझी पर्ची जुळते आहे म्हणजे माझे कान अजून बरे आहेत. मी तुझ्याच भरवशावर होतो."

इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

हे उठले, दाराबाहेर खुंटीवरचा स्वेटर घातला आणि बड्या साहेबांच्या खोलीकडे निघाले. मी मागोमाग गेले. बडे साहेब तमिळ गृहस्थ होते, मितभाषी, टेबलावर कायम ताकाचं भांडं.

"सर, ये नमूना दोबारा करना होगा," हे म्हणाले. "मेरे कान की गलती है. पतली आवाज़ नहीं आती अब."

एवढंच. माझं काही सांगितलं नाही. मला गप्प राहता आलं असतं.

"सर, कान इनके हैं," मी म्हणाले, "मगर पर्ची मेरी है. मुझे सुनाई देता था. मैंने नहीं लिखा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अच्छा. तो मेरे पास एक है जो सुनता नहीं और एक है जो लिखता नहीं." मग चष्मा चढवून, "रिपोर्ट बाहर जाने से पहले आ गए. बैठो. छाछ पियोगे?"

शुक्रवारचा अहवाल गेला नाही. नमुना पुन्हा तपासला, दुसऱ्या दोघांनी. उंची खूपच खाली आली. नव्या अहवालात एक ओळ वाढली, ही पूड हाताने चाळू नये. तिथे पुढे काय झालं, काही व्हायचं होतं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्या कामात जे होत नाही त्याची बातमी येत नाही.

यांची बदली ग्रंथालयात झाली. मला सहा महिने पर्चीला हात लावू दिला नाही, मी नुसते नमुने तोलत बसे. बसमध्ये हे पुढच्या बाकावर बसत, डबा मांडीवर घेऊन. घरी लागेल तेवढंच बोलत. मी एकदा म्हटलं, "चूक झाली." यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी स्वयंपाकघरातून हाक आली. "इकडे ये जरा."

कढई तापली होती. हातात मोहरी घेऊन हे उभे होते. "इथे उभी राहा. तडतडली की सांग. खरं सांग."

मी उभी राहिले. तेलात दाणे टाकले. एक, दोन, मग सगळे.

"झाली," मी म्हणाले.

यांनी कांदा टाकला. त्यानंतर किती रविवार आले! हे निवृत्त झाले, मीही झाले, आर. के. पुरमचं घर सुटलं, कानाला यंत्र आलं. यंत्र आल्यावरही मोहरीला मी उभी राहत असे. ते यंत्र यांना कधी फारसं पटलं नाही. सगळं एकाच उंचीवरून पडल्यासारखं ऐकू येतं, म्हणत.

गेल्या डिसेंबरात इस्पितळात डॉक्टरांनी मुलीला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. परत आत जाताना मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, बाबांना बोलू नकोस. म्हणायचं, रिपोर्ट बिल्कुल ठीक आहेत." ती इथेच वाढलेली, घाबरली की निम्मी हिंदीत बोलते. मी मान हलवली.

हे उशीला टेकून बसले होते. यंत्र काढून बशीत ठेवलेलं. मुलीने वाकून, मोठ्याने, हसून सांगितलं, "बाबा, सगळं ठीक आहे!" यांनी तिच्या गालावर थोपटलं. मग ती औषधं आणायला खाली गेली.

यांनी पलंगाशेजारच्या टेबलावरून औषधाच्या चिठ्ठीचा कागद घेतला, त्याचे दोन तुकडे केले. एक मला दिला. पेन आधी मला देऊन हे खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर धुकं होतं.

"मी बरा होणार असेन तर फुली," हे म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे ते यांना कळत नसे, पण त्या दिवशी हळू बोलले. "आणि शंकेची फुली नाही. तो नियम इथे नाही."

मी पेन धरून बसले. एक रेघ, मग दुसरी, इतकं सोपं होतं. यांची पाठ माझ्याकडे होती. खांदा दिसत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कागदावर गोल काढला, पूर्ण, टोक टोकाला मिळवून, आणि पेन यांच्या हातात दिलं.

यांनी बराच वेळ लावला. मग आम्ही दोघांनी तुकडे एकदम उलटले.

यांचा गोल जरा तिरका होता.

"जुळलं," हे म्हणाले, आणि माझा हात हातात घेऊन धुक्याकडे पाहत राहिले.

ते दोन तुकडे आता त्या चकतीखाली आहेत. मुलगी टेबल आवरायला आली की मी म्हणते, तेवढं राहू दे.